मेसचं ताट भरलेलं, तरी थकवा? हॉस्टेलवरच्या मुलींनो, या चुका टाळा

पुण्यातल्या मेसचं नेहमीचं ताट बघा : तीन पोळ्या, बटाट्याची रस्साभाजी, भात, पातळ वरण. पोट भरतं, म्हणून जेवण नीट झालं असं वाटतं. पहिली चूक इथेच होते.

आहारात किती वैविध्य आहे हे तपासायला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१६ साली बायकांसाठी एक सोपी पद्धत दिली. अन्नाचे दहा गट करायचे आणि कालच्या दिवस-रात्रीत त्यातले निदान पाच पोटात गेले का, ते बघायचं. पद्धत मुळात सर्वेक्षणांसाठी आहे, पण स्वतःचं खाणं पारखायलाही कामी येते. या हिशेबात पोळी, भात आणि बटाटा तिन्ही एकाच गटात. म्हणजे वरच्या ताटात गट फक्त दोन, हा एक आणि वरणातल्या डाळीचा! संध्याकाळी वडापाव खाल्लात तरी नवा गट मिळत नाही. उलट एक पेरू, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दही यांनी तीन गट वाढतात. तिन्ही गोष्टी खोलीवर, गॅसशिवाय जमतात.

जेवण झालं की लगेच चहा

ही सवय सगळ्यात नडते. चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. मुलींना हे जास्त जपायला हवं, कारण पाळीमुळे लोहाची गरजच मोठी असते : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, बाईला २९. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, चहा चारला घ्या. क जीवनसत्त्वामुळे कडधान्यांतलं लोह चांगलं शोषलं जातं.

सकाळी उपाशी, रविवारी रात्री मॅगी

आठच्या लेक्चरसाठी नाश्ता बुडतो. आदल्या रात्रीच राजगिऱ्याचा लाडू किंवा फुटाणे-गूळ बॅगेत टाकून ठेवा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे माहीत असतं, तेव्हा दुपारीच दूध, फळं आणून ठेवा; खात असाल तर उकडलेली अंडीही. शाकाहारी मुलींनी दूध-दही सोडूच नये, कारण बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. उपवासाला नुसती साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतेक स्टार्च. सोबत ताक आणि फळ हवंच.

थकवा आला की मैत्रिणीच्या लोहाच्या गोळ्या

जिना चढताना धाप लागत असेल, केस गळत असतील, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका.

आणि मेस कमिटीच्या बैठकीला जा. तिथे ‘जेवण चांगलं द्या’ एवढंच म्हटलं तर काही बदलत नाही. नेमकं मागा : आठवड्यातून तीनदा पालेभाजी, रोज एक वेळ उसळ, वरण दाट, आणि काउंटरवर लिंबाच्या फोडी.