जुनी डिझेल पिकअप, पेटलेला दिवा आणि स्कॅनर : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

डिझेलचं काम शिकायला येणारी मुलं हल्ली स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, बरोबर घेऊनच येतात. ते चांगलंच आहे. घोटाळा होतो तो कोड वाचून झाल्यावर. पडद्यावर पी-०४०१ आला, खाली 'ईजीआर प्रवाह अपुरा' असं वाचलं, की लगेच ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) मागवायचा! बऱ्याच गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हा प्रवाह थेट मोजतच नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर बाहेरून येणारी हवा कमी व्हायला हवी, एवढंच तो आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर-मास सेन्सरच्या आकड्यावरून ताडतो. त्यामुळे सेन्सर मळला असेल, मार्ग काजळीने बुजला असेल किंवा व्हॅक्यूमचा पाइप तडकला असेल, तरी कोड हाच येतो. कुठला हिशेब जुळत नाही तेवढं कोड सांगतो. का जुळत नाही, ते आपण शोधायचं.

कोडची रचना एकदा समजून घ्या, पाठ करत बसू नका. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, यू म्हणजे कंट्रोलरांमधला संवाद. पुढचा अंक ० असेल तर सहसा सगळ्यांना समान कोड आणि १ असेल तर कंपनीचा स्वतःचा. कंपनीच्या कोडचा अर्थ त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा, दुसऱ्या गाडीचा अर्थ इथे लावू नका. आणि पिकअप फारच जुनी, पूर्ण मेकॅनिकल पंपाची असेल तर इंजिनाचा कोड मिळणारच नाही. तिथे कान आणि प्रेशर गेज.

कोड दिसला की पहिला मोह होतो तो पुसून टाकण्याचा. तो आवरा. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते : दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होते, लोड किती, कूलंटचं तापमान किती, वेग किती. पुसलं की तीही जाते. थंड इंजिनावर सेल्फ मारताना आलेला कोड आणि भरलेली गाडी चढावर असताना आलेला कोड, नंबर एकच असला तरी ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून सगळे कोड, पेंडिंगसुद्धा (दिसलेले पण अजून पक्के न झालेले), आधी वहीत उतरवून घ्या.

मग बॅटरी. नव्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, पण जुन्या गाडीत माझी सुरुवात इथूनच असते. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. त्यानंतर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि बॉडीच्या धातूशी असलेली जोडणी. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त, ०.५ च्या पुढे गेलं तर अर्थची पट्टी काढून गंज घासा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार सेन्सरांचे कोड एकदम आले, तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मेले असं समजू नका. ५ व्होल्टचा पुरवठा अनेकदा सामाईक असतो. त्यातला एक सेन्सर शॉर्ट झाला किंवा ब्रॅकेटला घासून वायर सोलली, की बाकीचेही खोटं बोलायला लागतात. एकेक कनेक्टर काढत जा. ज्याने ५ व्होल्ट परत येतील तो सेन्सर किंवा त्याची वायर धरा.

आता पी-००८७, रेल प्रेशर कमी. रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी सामाईक नळी. कॉमन रेलच्या म्हाताऱ्या पिकअपमध्ये सगळ्यात जास्त पैसा या कोडपायी वाया जातो, कारण लोक थेट हाय-प्रेशर पंपाकडे बोट दाखवतात. लाइव्ह डेटात मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष प्रेशर शेजारी-शेजारी लावा. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) साधारण २५० ते ४०० बार दिसतं, लोडवर ते हजाराच्या पुढे जातं. आयडलला दोन्ही जुळतात आणि भार आल्यावर प्रत्यक्ष आकडा मागे पडतो, तर आधी बघायचं ते डिझेल पोचतंय का : फिल्टर, त्यातलं पाणी, टाकीतली जाळी. फिल्टरनंतर थोडा वेळ पारदर्शक नळी लावून पाहा. बुडबुडे दिसले तर गाडी एअर घेतेय, आणि नवा पंपसुद्धा हवा दाबून देऊ शकणार नाही. इंजिन बंद करून थोडं थांबल्यावर रेल प्रेशर शून्याजवळ यायला हवं. बंद गाडीत शंभर बार दिसत असतील तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग संशयित. गाडी सुरूच व्हायला त्रास देत असेल तर इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या (जास्तीचं डिझेल परत नेणाऱ्या) वेगवेगळ्या सारख्या बाटल्यांत सोडा. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरली, तर प्रेशर त्याच इंजेक्टरमधून पळतंय. प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह यानंतर, आणि पंप सगळ्यांत शेवटी.

एक गोष्ट दरडावून सांगतो. इंजिन चालू असताना हाय-प्रेशर पाइपचा नट सैल करायचा नाही आणि गळती बोटाने चाचपायची नाही. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, वर फक्त टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत मांस सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल. गळती शोधायला लांबून पुठ्ठा धरा.

पी-०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी, याला एवढं लांबवायची गरज नाही. बूस्टचे होज पाइप आतून-खालून चाचपा, क्लॅम्पपाशी तेलाचा ताजा ओघळ शोधा, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बदला. त्या स्वस्त असतात आणि उष्णतेने कडक होतात. इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅप सेन्सरने, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने, बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल. पी-०६७१ ते ०६७४ हे ग्लो प्लगचे (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग), सिलिंडरच्या क्रमाने. चांगल्या प्लगचा रोध एक-दोन ओहमच्या आतच असतो. मात्र जुन्या हेडमधून प्लग काढताना जोर लावू नका. इंजिन गरम करा, भेदक तेल सोडा, वाट पाहा. तुटलेला प्लग काढताना हेडच उतरवायची वेळ येऊ शकते.

दुरुस्ती झाली की मग कोड पुसा, आणि फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती तशीच गाडी चालवा : तेवढंच गरम इंजिन, तेवढाच भार, तोच वेग. बरेच कोड एका फेरीत डॅशबोर्डवरचा चेक-इंजिन दिवा पेटवत नाहीत, पेंडिंगमध्ये बसून राहतात. म्हणून दिवा विझलाय एवढ्यावर चावी परत देऊ नका. पेंडिंग यादी रिकामी आहे आणि रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण झालेत, हे पाहूनच गाडी मालकाच्या हवाली करा.