मधुमेहात बीपीची गोळी: या चुका टाळा

"डॉक्टर, बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली." हे ऐकलं की माझा हात आपोआप कपाळावर जातो. अहो, गोळी घेताय म्हणून ते नॉर्मल आहे!

एक निवृत्त मास्तर माझ्याकडे यायचे. साखर ताब्यात, बीपीही ताब्यात. कुणीतरी सांगितलं की गोळीची सवय लागते, आणि यांनी ती परस्पर सोडली. आठ महिन्यांनी आले ते चष्म्याचा नंबर वाढला म्हणून. बीपी 168/96. किडनी झिरपतेय का ते दाखवणारं, लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं गुणोत्तर पूर्वी 40 होतं, ते 300 च्या पुढे. नंबर वगैरे काही वाढला नव्हता, डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. "पण मला काहीच त्रास नव्हता हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. खरी गोम तीच. पडद्यातल्या आणि किडनीच्या गाळणीतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या साखरेनं आधीच पोखरलेल्या असतात. वरून दाब वाढला की त्या झिरपू लागतात, आणि दुखत मात्र काहीच नाही.

ब्रिटनमधल्या मधुमेहींवरच्या यूकेपीडीएस अभ्यासात बीपी सरासरी 154/87 ऐवजी 144/82 राखलं, तर या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार 37 टक्क्यांनी कमी झाले. हे 1998 सालचं. 2008 मध्ये पुढची हकिगत छापून आली: अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांचं बीपी सारखं झालं, आणि फायदाही ओसरला. इथे मागची पुण्याई कामाला येत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे गुडघा दुखला की आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांतलं काही आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असताना वेदनाशामक घेतलं, तर किडनी तिन्हीकडून कोंडीत सापडते. उलट्या-जुलाब सुरू झाले तर आणखीच. अशा वेळी मला आधी फोन करा, बीपीची गोळी दोन दिवस थांबवायची का ते मी सांगतो.

टेल्मिसार्टन-रामिप्रिलसारखी गोळी सुरू केली की एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम मी तपासतोच. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा गोळी चालू ठेवतो. रिपोर्टवर लाल अक्षरं दिसली म्हणून घाबरून ती तुम्हीच बंद करू नका.

रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र नको, फायदा वाढत नाही, किडनीला धोका वाढतो. 'कमी सोडियमचं' मीठ विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं, आणि या गोळ्यांनी ते आधीच वाढू शकतं. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी सांगा, गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत.

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? मग बसून आणि उभ्यानं, दोन्ही बीपी मोजायला लावा. वरचा आकडा 20 नं पडत असेल तर डोस वाढवण्याआधी मी दहादा विचार करतो.

आणि शर्टाच्या बाहीवरून, गप्पा मारत घेतलेला आकडा मला सांगू नका. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, मग मोजा.