लॅपटॉपमधला डेटा जपताना या चुका टाळा

कृषी केंद्रातून जूनमध्ये उधारीवर गेलेल्या बियाण्या-खताचे पैसे दिवाळीनंतर, कापूस विकला की येतात. तोवर कोणाकडे किती बाकी आहे, हे एका एक्सेल फाइलमध्ये असतं आणि ती फाइल एकाच लॅपटॉपमध्ये. मध्येच लॅपटॉप बंद पडला किंवा चोरीला गेला, तर वसुली समोरचा सांगेल त्या आकड्यावर करावी लागते. स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या नोट्स, शिक्षकांच्या निकालाच्या फाइली, घरचे लग्नाचे फोटो, सगळ्यांचं हेच. लॅपटॉप दुसरा घेता येतो, ही फाइल कुठल्याच दुकानात मिळत नाही.

‘डी मध्ये ठेवलं आहे न भाऊ’

सगळ्यात जास्त घात या वाक्याने होतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज बिघडलं आणि फक्त सी फॉरमॅट केलं तर डी वाचतो, तेवढ्यापुरतं ते ठीक आहे. पण डिस्कच गेली तर दोन्ही सोबतच जातात आणि चोर काही डी काढून ठेवून जात नाही.

महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. दुकानाची फाइल असेल तर बाहेरची हार्डडिस्क घरी ठेवा. आठवड्यातून एकदा कॉपी करा आणि लगेच काढून घ्या. डिस्क कायम लावून ठेवणं हीसुद्धा चूकच आहे. जूनच्या सुरुवातीला विजा कडाडतात, लाइन जाते-येते, व्होल्टेज वर-खाली होतं, तेव्हा चार्जरमार्गे आलेला झटका लॅपटॉपसोबत तिलाही लागू शकतो. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर लावलेल्या डिस्कवरच्याही होतात.

तिसरी प्रत ऑनलाइन ठेवा. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते (जीमेल आणि फोटो त्यातच धरतात), वनड्राइव्हवर ५ जीबी. उधारीची फाइल आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप बहुधा काही एमबीचाच असतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही चढतो. फोटो-व्हिडिओ चढवायच्या भानगडीत पडून नेट संपवू नका, आधी कामाचं फोल्डर. एक लक्षात ठेवा: सिंक केलेल्या (ऑनलाइन प्रतीशी आपोआप जुळत राहणाऱ्या) फोल्डरमधून लॅपटॉपवर फाइल उडवली की ऑनलाइनही उडते. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, पुढे नाही. म्हणून ऑनलाइन प्रत आहे म्हणून डिस्कवरची सोडू नका.

न पाहता फॉरमॅट मारायला देणं

लॅपटॉप हळू झाला की तालुक्याच्या दुकानात नेतात आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणतात. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं सी मध्येच असतं आणि टॅलीचा डेटाही जागा न बदलल्यास तिथेच साठतो. दुकानदार विचारेलच असं नाही. आधी स्वतः कॉपी करा आणि ती फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहा. कॉपी झाली म्हणजे उघडेलच, असं नसतं.

‘नंतर सॉफ्टवेअरने काढून देतो’ या बोलण्यावर विसंबू नका. जुन्या हार्डडिस्कमधून पुसलेलं बरंच परत येतं. एसएसडी (नव्या लॅपटॉपमधली चिपची डिस्क) मात्र पुसलेल्या फाइलची जागा आपणहून मोकळी करत राहते आणि मग हाती काही लागत नाही. चुकून काही पुसलं गेलंच, तर लॅपटॉप वापरणं तिथेच थांबवा, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका. हार्डडिस्कमधून कट-कट आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढतं.

पेनड्राइव्हमधल्या फाइलींच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले तरी घाईने फॉरमॅट करू नका. असल्या व्हायरसमध्ये फाइली बहुतेकदा लपवलेल्या असतात, गेलेल्या नसतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने तपासा.

पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत

विंडोजचा पासवर्ड फक्त दारावरची कडी आहे. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट, सगळं वाचता येतं. ते टाळायला डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ दिसतं का पाहा. प्रो आवृत्तीत हेच काम करणारा बिटलॉकर असतो.

इथे मात्र जपून. एन्क्रिप्शनची ४८ आकडी रिकव्हरी की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून लॅपटॉप सुरू केला, त्यात जाऊन बसते. दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलने लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर तुमच्या डेटाची किल्ली त्याच्या खात्यात आहे. एखाद्या अपडेटनंतर निळी स्क्रीन ती की मागते, तोवर त्याने दुकानही सोडलेलं असू शकतं. नव्या विंडोज ११ वर एन्क्रिप्शन बहुतेकदा आपोआप चालू होतं, त्यामुळे हे आजच तपासा. खातं आपल्या नावाचं करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

उन्हाचंही बघा. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायला बनवलेले असतात आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. बंद कारमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत दुपारभर ठेवू नका. एसटीत बॅग वरच्या रॅकवर टाकून झोपू नका, मांडीवर घ्या.

चोरी झाल्यावर

आधी फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला. गूगल खात्यात ‘युअर डिव्हायसेस’मध्ये जाऊन लॅपटॉप साइन आउट करा. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे आणि सरकारी पोर्टलचे पासवर्डही बदला. खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मोबाइलसारखा लॅपटॉप सीईआयआर या (चोरीचे मोबाइल बंद करायच्या) सरकारी पोर्टलवरून ब्लॉक होत नाही, म्हणून तक्रारीत सीरियल नंबर हवाच. तो तळाच्या स्टिकरवर, खोक्यावर आणि बहुधा बिलावर असतो, त्याचा फोटो आत्ताच फोनमध्ये काढून ठेवा. प्रवासात चोरी झाली आणि ‘ही आमची हद्द नाही’ असं ऐकावं लागलं, तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवायची एफआयआर, मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ही माहिती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती घेऊनच ठाण्यातून निघा.