हॉर्मोनच्या गोळ्या बंद करताय? या चुका टाळा

रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी चालू असलेल्या हॉर्मोनच्या गोळ्या ऑक्टोबरात बंद करू नका. मुंबईत तरी नकोच. पाऊस परतलेला असतो, ऊन तापलेलं असतं आणि हवेतला दमटपणा मात्र जात नाही. घाम सुकला तर अंग गार होतं; इथे तो सुकतच नाही, नुसता निथळतो. त्यात गोळ्या थांबल्यामुळे अंगातून वाफा येऊ लागल्या, तर हा त्रास हवेचा की आतला हे कळायला मार्ग उरत नाही. शिवाय दिवाळीचा फराळ तोंडावर. चकलीच्या कढईसमोर उभं असताना जिला हॉट फ्लॅश, म्हणजे याच वाफा, आल्यात तिला आणखी काही सांगायला नको. डिसेंबर-जानेवारी त्यातल्या त्यात बरे. घरचं लग्न, मुलीची बारावी, नोकरीतली बदली यांच्या आगेमागेही नको.

खरं तर बहुतेक जणी दिवस निवडतच नाहीत. पट्टी संपते, मेडिकलमध्ये जाणं राहून जातं. किंवा व्हॉट्सॲपवर 'हॉर्मोनने कॅन्सर होतो' असा मेसेज येतो आणि गोळ्या त्याच दिवशी कपाटात जातात. मग काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, रात्री दोनला गाउन भिजतो, झोप मोडते, सकाळी बोटांचे सांधे आखडतात, कुणी साधं काही बोललं तरी डोळ्यांत पाणी येतं. घरचे म्हणतात, "बघ, गोळ्यांची सवय लागली होती तुला."

सवय लागल्याची समजूत

दारू किंवा तंबाखू सोडताना शरीर जसं ते मागतं, तसं इथे होत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हॉर्मोन कमी झालं की त्याची सहनशक्ती आक्रसते आणि अंग जरासं तापलं तरी तो घाम फोडतो. गोळ्या, त्वचेवर लावायचं जेल किंवा चिकटवायचा पॅच यांनी रजोनिवृत्ती बरी होत नाही, तिचा त्रास तेवढा आवरलेला असतो. आधार काढला की थांबलेलं परत वर येतं. साधारण निम्म्या जणींना वाफांचा त्रास पुन्हा होतो, आणि वय किती, गोळ्या किती वर्षं घेतल्या, यावरून ते आधी ओळखता येत नाही.

अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं हॉर्मोन) एकत्र घेणाऱ्या गटाचं औषध जुलै २००२ मध्ये अचानक थांबवलं गेलं. नंतर विचारपूस केली तेव्हा खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे २१ टक्के जणींना मध्यम ते तीव्र वाफा किंवा रात्रीचा घाम होता. औषध नसलेली प्लासिबो गोळी घेणाऱ्यांत सुमारे ५ टक्के. म्हणजे त्रास खरा आहे, मनाचे खेळ नाहीत. बऱ्याच जणींना तो काही महिन्यांत उतरतो. पण अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका दीर्घ पाहणीत वाफांचा एकूण काळ निम्म्या जणींत ७.४ वर्षांहून जास्त निघाला. तीन वर्षं गोळ्या घेऊन थांबलेल्या बाईचा मूळ त्रासच अजून संपलेला नसू शकतो.

एकदम की हळूहळू

दोन्ही चालतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार हळूहळू कमी केल्यास सुरुवातीचा त्रास कमी होऊ शकतो, लांबचा विचार करता फरक पडत नाही. माझं मत विचाराल तर नोकरी, लोकल आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईने हळूहळूच करावं. साधारण तीन ते सहा महिने, एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर काही आठवडे मुक्काम. गोळी असेल तर कमी ताकदीची, जेल असेल तर एक पंप कमी. पॅच स्वतःच्या मनाने कात्रीने कापू नका. काही प्रकारांत औषध पाकिटासारखं भरलेलं असतं आणि कापलं की सगळा हिशेब बिघडतो.

स्तनाचा कर्करोग निघाला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक आला, तर हळूहळूचा प्रश्न नाही. औषध तिथल्या तिथे थांबवून लगेच डॉक्टरांशी बोलायचं.

अर्धंच औषध सोडणं

ही चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण ती शहाणपणाची वाटते. गर्भपिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन देतात. त्याने पोट फुगतं, सुस्ती येते, म्हणून "हे आधी बंद करू" असं ठरतं आणि जेल चालू राहतं. प्रोजेस्टेरॉन दिलेलं असतं ते गर्भपिशवीच्या अस्तराला आवर घालायला. एकट्या इस्ट्रोजेनने अस्तर जाड होत जातं आणि त्यातून कर्करोगाची शक्यता वाढते. कमी करायचं तर कोणतं, किती, कधी, हे लिहून घ्या.

दोन्ही थांबवल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत थोडा रक्तस्राव होऊ शकतो. त्यानंतर महिन्यांनी डाग दिसला तर "पाळी परत आली" म्हणून हसून सोडू नका. सोनोग्राफी करून अस्तर पाहायला हवं, गरज वाटली तर तपासणीला तुकडाही घेतात.

सगळं खापर गोळ्यांवर फोडणं

घाम आणि धडधड यांची कारणं अनेक असतात. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी इथे नीट लक्ष द्या. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात थायरॉइड हॉर्मोन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, म्हणून अनेकींचा थायरॉक्सिनचा डोस वाढवलेला असतो. इस्ट्रोजेन थांबलं की तोच डोस जास्त होऊ शकतो. मग छातीत धडधड, घाम, हात थरथरणं, झोप न लागणं. हुबेहूब हॉट फ्लॅशसारखंच! बंद केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. फिट्ससाठी किंवा मूडसाठी लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी सांगायला हवं, कारण इस्ट्रोजेन गेल्यावर त्या औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते.

मुंबईत राहून रात्रीच्या घामाबरोबर टीबीचा विचार न करणं बरं नव्हे. संध्याकाळी अंग कोमट, वजन उतरतंय, खोकला दोन आठवड्यांच्या वर: थुंकीची तपासणी पालिकेच्या दवाखान्यात मोफत होते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी घाम फुटला की आधी साखर मोजावी. छातीवर दाब, जबडा किंवा हात भरून येणं आणि थंड घाम असेल तर लोकलची वाट पाहत पाणी पीत बसू नका, थेट इमर्जन्सीत.

झोपेची गोळी

हॉर्मोनच्या सवयीला घाबरणाऱ्या बायका शेजारणीने दिलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी मात्र बिनधास्त घेतात. सवय लागते ती तिची. पन्नाशीनंतर तिने तोल जाऊन पडायची भीतीही वाढते. रात्रीच्या घामाने झोप मोडत असेल तर घामावर इलाज करा.

हॉर्मोनशिवायचे इलाज आहेत. वेन्लाफॅक्सिन, कमी मात्रेतलं पॅरॉक्सेटिन, रात्री घ्यायचं गॅबापेन्टिन, ही सगळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन नको, कारण ते टॅमॉक्सिफेनचं काम मंदावतं. वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, वाफांची संख्या नाही तरी त्यांचा जाच कमी करतो आणि झोपेला चांगलाच उपयोगी पडतो. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याचाही फायदा होतो. सोयाच्या गोळ्यांबद्दलचा पुरावा कच्चा आहे. ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या औषधाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शतावरी कल्प घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मुळीच लपवू नका.

बाकी मुंबईकरणीला उपाय शिकवायची गरज नाही: सुती कपडे, पर्समध्ये छोटा पंखा, शक्य असेल त्या दिवशी एसी लोकल, पोळ्या ऊन चढायच्या आत. रात्री दारू आणि खूप तिखट टाळून पाहा. काहींना फरक पडतो, काहींना अजिबात नाही.

लाजेपोटी सोसणं

वाफा बहुधा उतरतात, योनीचा कोरडेपणा उतरत नाही. उलट वाढतो. संबंधांच्या वेळी आग, लघवीला जळजळ, वारंवार युरिन इन्फेक्शन, हे सगळं त्यातलंच. यासाठी योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं, रक्तात ते फारच थोडं जातं, आणि बाकीचं औषध बंद केल्यावरही चालू ठेवता येतं. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी आधी मॉइश्चरायझर वापरून पाहावं आणि क्रीमबद्दल ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाला, विचारावं. डॉक्टर पुरुष आहेत म्हणून बोलता येत नसेल तर कागदावर लिहून न्या, त्यांना सवय असते.

हाडांकडे पाठ

गोळ्या थांबल्या की हाडांचं संरक्षण जातं आणि झीज पुन्हा वेगाने सुरू होते. हे दुखत नाही, म्हणून लक्षात राहत नाही. बंद करतानाच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. कॅल्शियम दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, म्हणजे एका भाकरीने भागत नाही.

ज्यांनी थांबवूच नये

चाळिशीच्या आत पाळी गेली किंवा ऑपरेशनमध्ये दोन्ही ओव्हरी काढल्या, त्यांचं गणित वेगळं. हृदय आणि हाडं यांच्यासाठी त्यांना नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी हॉर्मोन देतात, अर्थात दुसरी काही अडचण नसेल तर. पासष्टीच्या बाईला मिळालेला सल्ला अडतिशीच्या बाईने उचलू नये. आपल्याकडे गर्भपिशवी इतक्या सहज काढतात की अनेकींना ओव्हरी आहेत की गेल्या हेच माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधा.

पुन्हा सुरू करायला संकोच

महिने उलटले, झोप नाही, कामावर लक्ष लागत नाही, तर पुन्हा सुरू करण्याबद्दल विचारायला काहीच हरकत नाही. वय साठच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील तर फायद्याचं पारडं सहसा जड असतं. त्यापुढे हिशेब काळजीपूर्वक मांडावा लागतो, आणि त्वचेवरून घ्यायच्या जेल-पॅचने गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी. घरात उरलेली जुनी पट्टी मात्र उघडू नका. केईएम, नायर, सायन इथल्या स्त्रीरोग ओपीडीत केसपेपर काढून जाता येतं. जाताना मॅमोग्राफीचा शेवटचा रिपोर्ट, बीपीचे आकडे, चालू औषधांची यादी आणि दोन आठवड्यांच्या वाफांची नोंद, दिवसा किती, रात्री किती, बरोबर ठेवा.