‘एव्हरीबडी हॅव’ कुठून येतं? इंग्रजीच्या अनिश्चित सर्वनामांबद्दल, नव्याने तयारीला लागलेल्यांसाठी

चोपड्याच्या ज्या अभ्यासिकेत मी तयारी केली, तिथेच आता संध्याकाळी नव्या मुलामुलींचं इंग्रजी व्याकरण घेतो. चोपडा, यावल, शिरपूर, अमळनेर अशा तालुक्यांमधली, मराठी माध्यमातून शिकलेली, घरी अहिराणी नाहीतर लेवा बोली बोलणारी ही मुलं. लोकसेवा आयोगाची संयुक्त गट ब, गट क, स्टाफ सिलेक्शन, बँकेची क्लर्क भरती, जिथे जावं तिथे इंग्रजी आडवं येतंच. काळ आणि प्रयोग यांची सगळ्यांना धास्ती असते, म्हणून त्यांचा अभ्यास होतो. समबडी, एनीवन, ईच, नन, सम, ऑल ही मंडळी मात्र ‘यात काय अवघड आहे’ म्हणून मागे राहतात. वाक्यातली चूक ओळखा या प्रश्नात गुण जातात ते बरेचदा इथेच, आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात असतील तर दुहेरी नुकसान.

अनिश्चित सर्वनाम आपल्याला नवीन नाही. मराठीच्या पेपरासाठी सर्वनामाचे सहा प्रकार आपण शिकतोच, त्यातलं सामान्य किंवा अनिश्चित सर्वनाम ते हेच. ‘कोणी कोणास हसू नये’ या वाक्यात कोण हसतंय, कोणाला हसतंय, हे ठरलेलं नाही. इंग्रजीत हेच काम समवन, एनीबडी, नथिंग असे शब्द करतात. कल्पना एकच आहे. अडचण येते ती क्रियापद जोडताना आणि नकार देताना.

बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत तीन रकान्यांची यादी असते: एकवचनी, अनेकवचनी आणि दोन्हीकडे चालणारी. यादी पाठ होते, पण पेपरात वेळ कमी पडायला लागला की रकाने एकमेकांत मिसळतात. माझं ठाम मत आहे की यादीच्या आधी आपल्या डोक्यात तयार होणारं मराठी वाक्य तपासावं. चूक तिथेच जन्माला येते, आणि बऱ्याचदा सुटकाही तिथेच असते.

‘सगळे आले’ हे वाक्य घ्या. आपण मनात ‘सगळे’ म्हणतो, क्रियापद अनेकवचनी होतं आणि हातून लिहिलं जातं, ‘एव्हरीबडी हॅव कम’. आता तेच वाक्य ‘प्रत्येक जण आला’ असं म्हणून बघा. मराठीनेच क्रियापद एकवचनी करून दिलं. एव्हरीबडी, एव्हरीवन, एव्हरीथिंग हे शब्द गर्दीकडे एकेक करून बघतात, म्हणून ‘एव्हरीबडी हॅज कम’. माझ्या वर्गात एव्हरीवनचा अर्थ ‘सगळे’ असा वहीत लिहू देत नाही, ‘प्रत्येक जण’ असाच लिहायचा. एवढ्या एका बदलाने निम्म्या चुका थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. ‘सगळे’ म्हणायचंच असेल तर इंग्रजीत त्याला ऑल आहे: ‘ऑल हॅव कम’.

समबडी, एनीबडी, नोबडी आणि त्यांची वन-थिंगवाली भावंडंही एकवचनीच. ईच, आयदर, नायदरचंही तसंच, पण पेपर काढणारे जास्त खेळतात ते या तिघांशी. फळ्यावर मी एक वाक्य नेहमी लिहितो: ‘ईच ऑफ द फार्मर्स हू ग्रो बनानाज इन रावेर अँड यावल ___ वेटिंग फॉर द ट्रक.’ गाळलेल्या जागी इज की आर? अर्धा वर्ग आर म्हणतो, कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी दोन तालुके बसले आहेत आणि मागे फार्मर्स, बनानाज अशी अनेकवचनांची रांग आहे. मग मी ‘ऑफ’पासून ‘यावल’पर्यंतचा भाग तळहाताने झाकतो. उरतं ‘ईच ___ वेटिंग’. आता इज सगळ्यांच्या तोंडून आपोआप येतं.

एकदा एका मुलीने विचारलं, ‘सर, मग ग्रोला एस का नाही? ईच तर एकवचनी आहे ना?’ प्रश्न अगदी योग्य होता. केळी पिकवतात ते शेतकरी. ‘हू’ फार्मर्सकडे बोट दाखवतो, म्हणून त्या आतल्या क्रियापदाचा हिशेब फार्मर्सशी. ट्रकची वाट बघण्याचा हिशेब मात्र ईचशी. एकाच वाक्यात दोन क्रियापदं आणि त्यांचे दोन वेगळे कर्ते. हे वाक्य वहीत उतरवून दोन्ही जोड्या पेन्सिलने जोडून बघा, सब्जेक्ट-व्हर्बचे निम्मे प्रश्न त्यात आले. ईच कर्त्याच्या नंतर आला तर मात्र क्रियापद मूळ कर्त्याचंच ऐकतं: ‘द फार्मर्स ईच हॅव अ पंप.’

सम, ऑल, मोस्ट, एनी यांच्या बाबतीत हाताने झाकायचं नाही, ‘ऑफ’च्या पुढेच बघायचं. ‘सम ऑफ द कॉटन इज वेट’, पण ‘सम ऑफ द बनानाज आर राइप’. इथे आपली मराठी सवय बरोबर चालते: ‘थोडा कापूस भिजला’, ‘काही केळी पिकली’. क्रियापद नामाकडे बघून ठरलं. ननबद्दल मुलं फार भांडतात. न मोजता येणाऱ्या नामासोबत एकवचन हे नक्की: ‘नन ऑफ द वॉटर इज क्लीन’. मोजता येणाऱ्या नामासोबत, म्हणजे ‘नन ऑफ द बसेस’नंतर, हॅज आणि हॅव दोन्ही शुद्ध इंग्रजी आहे. जुन्या धाटणीची पुस्तकं एकवचनाचा आग्रह धरतात, म्हणून परीक्षेत पर्याय आणि बाकीचं वाक्य बघून ठरवायचं. दोन वस्तूंचं बोलणं असेल तर नायदर, दोनाहून जास्त असतील तर नन, हा फरकही विचारला जातो.

बोथ, मेनी, फ्यू, सेव्हरल कायम अनेकवचनी, तिथे डोकं लावायची गरज नाही. फक्त फ्यू आणि अ फ्यू सांभाळा. ‘फ्यू केम’ म्हणजे जवळजवळ कोणी फिरकलंच नाही, ‘अ फ्यू केम’ म्हणजे चार जण तरी आले.

आता नकार. आपल्या मुलांना सगळ्यात जास्त नडतो तो हाच, म्हणून यावर वेळ द्या. ‘कोणीच आलं नाही’, किंवा घरच्या बोलीत ‘कोनीच उनं नही’. आपल्या वाक्यात नाही शेवटी येतं आणि ‘कोणीच’सोबत ते यावंच लागतं. ती सवय इंग्रजीत आली की दोन प्रकारची वाक्यं तयार होतात: ‘एनीबडी डिड नॉट कम’ आणि ‘नोबडी डिड नॉट कम’. पहिलं वाक्य इंग्रजीत बसतच नाही. दुसरं प्रमाण इंग्रजीत उलटा अर्थ देतं, कोणी आलं नाही असं झालंच नाही, म्हणजे सगळे आले. बरोबर वाक्य फक्त दोन शब्दांचं आहे: ‘नोबडी केम’. नकार नोबडीच्या पोटात आहे, बाहेरून नॉट लावायचं नाही.

मग ‘आय डिड नॉट सी एनीबडी’ कसं चालतं? कारण तिथे नॉट आधी आलं, एनीबडी नंतर. एनीवाल्या शब्दाला नकारार्थी अर्थ हवा असेल तर नकार त्याच्या आधी यावा लागतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी असला तरी मागच्या कोणीवर त्याचा असर होतो, इंग्रजीत तो असा मागे जात नाही. म्हणून वाक्याची सुरुवातच कोणीच, काहीच या शब्दांनी होत असेल, तर सरळ नोबडी, नो वन, नथिंग घ्या आणि क्रियापद होकारार्थी ठेवा. ‘काहीच उरलं नाही’ म्हणजे ‘नथिंग इज लेफ्ट’. ही एक जोडी पक्की झाली की बोलतानाही अडखळणं कमी होतं.

सम आणि एनी यांचा नियम शाळेत असा शिकवतात: होकारात सम, नकारात आणि प्रश्नात एनी. सुरुवातीला तो पुरतो, पण प्रश्नात सम चालतच नाही असं धरून बसू नका. भुसावळला गाडीत चढलात आणि रिकामी जागा दिसली तर विचाराल, ‘इज एनीवन सिटिंग हिअर?’ उत्तर काय येईल याची कल्पना नाही, म्हणून एनीवन. जागेवर रुमाल टाकलेला असेल तर ‘इज समवन सिटिंग हिअर?’ हेही बरोबर, कारण कोणीतरी असणार असा तुमचा अंदाज आहे. कोणाला काही देऊ करताना, मागताना समच शोभतो: ‘वुड यू लाइक सम टी?’ आणि एनी होकारार्थी वाक्यातही येतो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो: ‘एनीबडी कॅन जॉइन’, कोणीही येऊ शकतं. इथे मराठीने आपलं काम सोपं करून ठेवलं आहे. ‘तरी’ लागला की समबडी, ‘ही’ लागला की एनीबडी. कोणीतरी फोन करेल, कोणीही फोन करू शकेल.

दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो. विशेषण नामाच्या आधी, हा नियम शिकल्यामुळे मुलं ‘हॉट समथिंग’ लिहितात. इथे मराठीवर विश्वास ठेवा. आपण चहाच्या टपरीवर ‘काहीतरी गरम दे’ म्हणतो, इंग्रजीतही ‘समथिंग हॉट’ याच क्रमाने. ‘दुसरं कोणीतरी’ मात्र उलटून ‘समवन एल्स’ होतं, आणि मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी एस समवनला न लागता एल्सला लागतो. एनीवन एकत्र लिहितात, पण पुढे ऑफ आला की ‘एनी वन ऑफ यू’ असं तोडून. नो वन तर नेहमीच दोन शब्दांत.

सर्वनामाच्या जागी पुन्हा सर्वनाम येतं तेव्हा गोंधळ होतो. ‘एव्हरीवन मस्ट ब्रिंग देअर हॉल तिकीट’ हे वाचून मुलं हमखास हरकत घेतात की एकवचनी शब्दाला देअर कसं? जुन्या व्याकरणात इथे हिज लिहायला सांगत. पण व्यक्ती बाई की पुरुष हे ठरलेलं नसताना देअर वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे आणि आज ती सर्रास मान्य आहे. लिहिताना, मुलाखतीत बोलताना बेधडक देअर वापरा, परीक्षेत पर्यायांत तो नसेल तरच हिज ऑर हर किंवा हिज निवडा. वनचं वेगळं आहे, ‘वन शुड डू वन्स ड्यूटी’ हे रूप लक्षात असू द्या, ते वारंवार विचारलं जातं.

क्वेश्चन टॅगमध्येही हेच. व्यक्तीसाठी दे, वस्तूसाठी इट. ‘एव्हरीबडी केम, डिडन्ट दे?’ पण ‘नोबडी कॉल्ड, डिड दे?’ नोबडीत नकार आधीच असल्याने टॅग होकारार्थी.

सरावासाठी बाजारातल्या प्रश्नसंचाइतकाच उपयोग स्वतःच्या वाक्यांचा होतो. रोज संध्याकाळी दिवसभरातली कोणी, काही, सगळे, प्रत्येक असलेली चार-पाच वाक्यं आठवून इंग्रजीत लिहा आणि एकमेकांच्या वह्या तपासा. सुरुवातीला ही घ्या, उत्तरं झाकून: ‘कापसाचे भाव कोणालाच माहीत नव्हते.’ ‘दोघींपैकी एकीलाही बस मिळाली नाही.’ ‘वांग्याच्या भरतासाठी सगळं तयार आहे ना?’

पहिलं, ‘नोबडी न्यू द कॉटन रेट्स’. दुसरं, ‘नायदर ऑफ द टू गर्ल्स गॉट अ बस’, इथे नॉट लावलंत की गुण गेला. तिसऱ्यात ‘सगळं’ आहे, ते एव्हरीथिंग: ‘एव्हरीथिंग इज रेडी फॉर द भरीत, इजन्ट इट?’