तान्ह्या बाळाला भूल देण्याआधी

उंदरांच्या पिल्लांना तासन्‌तास भूल दिली की वाढत्या मेंदूतल्या पेशी मरतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. त्या वयात पेशी एकमेकींशी बोलत राहिल्या तरच तगतात, आणि भुलीची औषधं नेमकं तेच थांबवतात. म्हणून 2016 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला: 3 वर्षांखालच्या मुलांना 3 तासांहून जास्त किंवा पुन्हापुन्हा भूल देताना जपा. पण हर्नियासाठी तासाभराचीच भूल मिळालेली बाळं 5 वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा कमरेत बधिर करणारं इंजेक्शन घेऊन जागेपणीच तेच ऑपरेशन झालेल्या मुलांपेक्षा ती बुद्धीने कमी भरली नाहीत. त्यामुळे गरजेचं ऑपरेशन घाबरून लांबवू नका. फाटलेली टाळू, न उतरलेलं वृषण यांची वेळ ठरलेली असते.

भुलीच्या खेपा मात्र कमी करता येतात. एमआरआय आणि बेरा (कानाची, ऐकण्याची तपासणी) एकाच भुलीत होईल का, विचारा. काही महिन्यांच्या बाळाचा एमआरआय तर पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून, भुलीशिवायही जमतो.

खरी गफलत उपाशी ठेवण्यात होते. वरचं दूध आणि जेवण 6 तास आधी बंद, अंगावरचं 4 तास, साधं पाणी किंवा साखरपाणी 2 तास (काही ठिकाणी 1 तासही चालतो). पेज आणि डाळीचं पाणी हे अन्नच, पाण्यात धरू नका. विरार-कल्याणहून पहाटेची लोकल पकडायची म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवलेलं बाळ परळला पोहोचतं, नंबर दुपारी लागतो. तोवर साखर उतरलेली, अंगातलं पाणी कमी झालेलं. भूल चढताच रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. पहिला नंबर मागा. उशीर कळला की लगेच सिस्टरना विचारा, पाणी द्यायचं की सलाईन लावायचं.

भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा. कमरेतून किंवा नस बधिर करून भुलीचं औषध कमी करता येईल का? रक्तदाब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत मोजणार ना? (श्वास जास्त जोरात दिला तर कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात.) अंग गार पडू नये म्हणून काय सोय आहे?

डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध प्राण्यांत मेंदूच्या पेशी वाचवताना दिसलंय, मुलांत ते सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून आधी काही पाजू नका.

घरी जाताना भूल किती मिनिटं चालली आणि कोणती औषधं दिली, ते फाइलवर लिहून घ्या. पुढच्या भूलतज्ज्ञांना ते लागेल.