इतिहासाच्या तासाला या चुका टाळा

सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा धडा ‘तीन हिंदू, एक मुसलमान, बघा केवढा एकोपा!’ एवढ्यावर उरकू नका. सोलापुरात शिकवताना सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं असं माझं ठाम मत आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन हे आपापल्या धर्माचे प्रतिनिधी म्हणून फासावर गेले नाहीत. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये शहर पेटलं, गोळीबार झाला, मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागला. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. कुर्बान हुसेन साप्ताहिक चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. मुलांना विचारा, ही माणसं एकमेकांजवळ कशामुळे आली? गिरण्या, सविनय कायदेभंग, पोलिसी दडपशाही ही उत्तरं मुलं स्वतः शोधतात. मग सरकारी बाजू आणि गावाची आठवण शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत कुठे फरक आहे, का आहे, यावर एक तास खर्ची पडला तरी चालेल.

दुसरी चूक म्हणजे अवघड प्रश्न दाबणं. ‘सर, औरंगजेब चांगला की वाईट?’ असं कुणी विचारलं की आपण ‘बस खाली’ म्हणतो आणि पोरगं उत्तर मोबाइलवर शोधतं. त्यापेक्षा त्याला मोबाइलवर मिळालेला मेसेजच फळ्यावर लिहा. कुणी लिहिलंय, कधीचं आहे, पुरावा काय, एवढं विचारा. सोबत सोलापूरचा भुईकोट किल्ला घ्या. या किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही या दोन मुस्लिम सत्ता आपसांत भांडल्या आणि निजामशाहीच्या चाँदबिबीच्या आदिलशहाशी झालेल्या लग्नात तो आंदण म्हणूनही दिला गेला. मध्ययुगातली प्रत्येक लढाई धर्माचीच असते, हा समज इथे मुलं स्वतःच तपासू लागतात.

वर्गातल्या एकुलत्या मुस्लिम किंवा पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) मुलाकडे वळून ‘तुमच्यात काय सांगतात?’ असं कधीच विचारू नका. दहा वर्षांचं लेकरू अख्ख्या समाजाचं वकीलपत्र घेऊ शकत नाही. प्रश्न सगळ्यांना सारखाच द्या: आजीआजोबा सोलापुरात कधी आले, कशासाठी आले, गिरणीत होते की मागावर, की विडी वळत होते?

हाच प्रश्न दोन शाळांनी मिळून घेतला तर फार उत्तम. मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशी माध्यमं वेगळी असल्याने एका रस्त्यावर राहणारी मुलं वर्षानुवर्षं एकत्र बसत नाहीत. बॉस्नियात युद्धानंतर काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन समाजांच्या मुलांना वेगवेगळा अभ्यासक्रम शिकवला जाऊ लागला. मुलं शेजारी असूनही परकी राहिली. याउलट फ्रान्स आणि जर्मनीने २००६ मध्ये दोन्ही देशांसाठी इतिहासाचं एक पाठ्यपुस्तक काढलं. मागणी २००३ च्या युवा संसदेत विद्यार्थ्यांनीच केली होती. आपल्याला पुस्तक लिहायची गरज नाही. महिन्यातून एक शनिवार, दोन वर्ग आणि घरून विचारून आणलेल्या आठवणी, आपापल्या भाषेत वाचलेल्या, एवढ्यावर सुरुवात होते.

गुण देतानाही सांभाळा. ‘कारणे द्या’ला एकच छापील उत्तर मागितलं, तर वर्षभराची चर्चा मुलं सोडून देतात. पाच गुणांच्या प्रश्नात दोन गुण पुराव्यासाठी राखून ठेवा आणि ते पहिल्याच चाचणीपासून द्या.